गनप्ला सुरू करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कोणी आलं की टेबलावरच्या रोबोटला आधी हात लावतो आणि मग विचारतो "हे काय आहे रे?" निदान उलट्या क्रमाने तरी करा. तेच तेच प्रश्न मावसभाऊ, ऑफिसातले लोक, सोसायटीतली पोरं सगळे विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, आता लिंक पाठवली की माझं काम झालं.

गनप्ला म्हणजे नक्की काय?

गंडम नावाची जपानी रोबोटांची मालिका आहे, त्यातलं 'गन' आणि प्लॅस्टिक मॉडेलमधलं 'प्ला', झालं गनप्ला. बॉक्समध्ये तयार रोबोट नसतो हे आधीच सांगतो, कारण एका काकांनी बॉक्स उघडून "तुटलेला आलाय, परत कर" असं सांगितलं होतं. आत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, त्यांना रनर म्हणतात, आणि त्या चौकटीत सगळे पार्ट बारीक दांड्यांनी लटकलेले असतात. ते कापायचे, साफ करायचे आणि पुस्तिकेत बघून एकमेकांत बसवायचे.

मालिका १९७९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, टीआरपी मिळेना म्हणून ५२ भागांची ठरलेली ती ४३ भागांत गुंडाळली, जानेवारी १९८० मध्ये संपली पण. आणि बंदाई या जपानी खेळणी कंपनीचं पहिलं किट आलं जुलै १९८० मध्ये, म्हणजे कार्यक्रम बंद पडल्यावर! किंमत ३०० येन. रिपीट टेलिकास्ट आणि ही किटं यांनी मिळून गंडमला वर काढलं, त्यामुळे रोबोटाने मालिका वाचवली असं म्हटलं तरी चालेल. किटं आजही जपानच्या शिझुओका शहरात बनतात, आणि ते गाव म्हणजे मॉडेलवाल्यांची पंढरीच आहे, तामिया आणि आओशिमा या मॉडेल कंपन्या पण तिथल्याच.

मी गंडम बघितलेलंच नाही. चालेल का?

चालेल की. मी पहिली तीन किटं केली तेव्हा मला हिरो कोण आणि व्हिलन कोण हे पण माहीत नव्हतं. बॉक्सवरचं चित्र आवडलं ना, बास. आणि गंडमच पाहिजे असं पण नाही, हासेगावा कंपनीची मॅक्रॉस या दुसऱ्या जपानी मालिकेतली विमानं-रोबोट आहेत, कोटोबुकिया कंपनीचे फ्रेम आर्म्स नावाचे रोबोट आहेत, झॉइड्स म्हणून यांत्रिक प्राणी आहेत. पण पहिल्यांदा बंदाईचंच घ्या असं मी सांगेन, पार्ट इतके नीट बसतात की चूक झाली तर ती तुमचीच असते.

एचजी, आरजी, एमजी, पीजी ही काय भानगड आहे?

ह्याला ग्रेड म्हणतात. ग्रेड म्हणजे क्वालिटी नाही हं, आकार आणि किचकटपणा. शाळेच्या इयत्तेसारखं धरा, पहिलीतला पोरगा काही वाईट नसतो, लहान असतो एवढंच.

मूळ गंडम रोबोट कथेत १८ मीटर उंच आहे. एचजी म्हणजे हाय ग्रेड, १/१४४ स्केल, म्हणजे हातात येतो तो साधारण साडेबारा सेंटिमीटरचा. १९९० पासून आहे, सगळ्यात जास्त व्हरायटी ह्यातच. एमजी म्हणजे मास्टर ग्रेड, १९९५ चं, १/१०० स्केल, १८ सेंटिमीटर, आत सांगाडा वेगळा आणि वरून चिलखत वेगळं. आरजी म्हणजे रिअल ग्रेड, २०१० ला आलं, आकार एचजीएवढाच पण डिटेल एमजीसारखं, आणि इथेच नवीन लोक फसतात, "छोटं आहे म्हणजे सोपं असेल" म्हणून घेतात आणि मग तांदळाच्या दाण्याएवढे पार्ट चिमट्याने धरत बसतात. पीजी म्हणजे परफेक्ट ग्रेड, १/६०, ३० सेंटिमीटरचं धूड, त्याचं बजेट लग्नाच्या हॉलसारखं आधी ठरवावं लागतं. एसडी म्हणजे मोठ्या डोक्याचे बुटके, दिसायला गोड पण रंगाचे बरेच भाग स्टिकरवर असतात.

आणि सगळ्यात खाली ईजी, एन्ट्री ग्रेड. त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

मग पहिलं किट कुठलं घेऊ? एकच सांगा.

एकच सांगायचं तर एन्ट्री ग्रेडचा आरएक्स-७८-२ गंडम, म्हणजे तोच मूळचा पांढरा-निळा-लाल. २०२० ला आला तेव्हा जपानात ७७० येनला होता करासकट. पार्ट हाताने पिळून निघतात, टूल लागतच नाही, आणि रंग प्लॅस्टिकमध्येच इतका नीट विभागलाय की डोळ्यांनासुद्धा स्टिकर लागत नाही. दीडएक तासात उभा राहतो.

थोडं जास्त हातात पाहिजे असेल तर एचजीमधला एरियल नावाचा गंडम, २०२२ चं किट आहे, हात-पाय छान वळतात. किंवा २०२० चा नवीन एचजी झाकू, म्हणजे शत्रूचा रोबोट, हिरवा, एका डोळ्याचा. मला स्वतःला हिरोपेक्षा झाकूच आवडतो. दिवाळीत आमच्या बिल्डिंगच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या मागे उभा केला होता, सिंहासनाशेजारी नको म्हणून आजोबांनी त्याला पायथ्याशी पाठवला, पण पोरांची गर्दी त्याच्याभोवतीच होती.

पहिलंच किट एमजी घेऊ नका. घेता येतं, होतं पण, मी नाही म्हणत नाही, पण दोनशे-तीनशे पार्ट बघून चौथ्या दिवशी बॉक्स माळ्यावर जातो आणि तिथेच राहतो, अशी निदान चार बॉक्सं मला माहितीयत. त्यातला एक माझा आहे.

फेविकॉल, रंग वगैरे लागतो का?

नाही. १९८० च्या किटांना गोंद लागायचा, रंग पण स्वतः द्यायचा. आता खिट्टी-भोकात दाबून बसवायचं असतं आणि प्लॅस्टिक रंगीतच येतं. जोडताना फेविक्विक तर टेबलावर ठेवूच नका, एकदा सांधा चिकटला की रोबोट जन्मभर सलाम ठोकत उभा.

कुठली टूल्स घ्यायची? यूट्यूबवर तर मोठी लिस्ट आहे.

ती लिस्ट बंद करा. एचजीसाठी निपर, कटर आणि पॉलिश पेपर, तीनच गोष्टी.

निपर म्हणजे छोटी कापायची पक्कड. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वायर कापायला जो मिळतो तो सुरुवातीला चालतो, फक्त एक बाजू सपाट आहे ना ते बघून घ्या. नेलकटरने करू का असं विचारणारे भेटतात, होतं, पण पार्टवर असे चंद्रकोरीसारखे चट्टे पडतात की नंतर बघवत नाही. गॉडहँडचा एकाच बाजूला धार असलेला जपानी निपर लोण्यासारखा कापतो हे खरंय, पण त्याचं पातं नाजूक असतं आणि त्या पैशात एक-दोन किटं येतात, म्हणून दहा किटं झाल्यावर विचार करा.

कटर स्टेशनरीवाला. पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानातून, ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचा एकेक कागद आणा, पट्ट्या कापून आईस्क्रीमच्या काडीला डबल टेपने चिकटवा, झाली सँडिंग स्टिक. दुकानदार "भिंतीला का दाराला?" विचारेल, "रोबोटाला" म्हणू नका, वेळ जातो.

पार्ट कापायचा कसा? माझे तर सगळे खरचटतात.

इथे जरा सावकाश सांगतो, कारण अख्ख्या छंदातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

रनर आणि पार्ट यांना जोडणारी जी बारीक दांडी असते ती गेट. बहुतेक जण निपर थेट पार्टला चिकटवून एका दणक्यात गेट कापतात. तसं केलं की कापताना प्लॅस्टिकवर ताण येतो, तो पार्टच्या आत शिरतो आणि तिथे पांढरा डाग पडतो, किंवा वाईट म्हणजे टवकाच निघतो आणि खड्डा पडतो, जो भरून येत नाही. म्हणून दोनदा कापायचं. पहिल्यांदा पार्टपासून लांब, दोन-तीन मिलिमीटर दांडी ठेवून, पार्ट रनरमधून मोकळा करून घ्यायचा. आता तो हातात आहे, त्याच्यावर कशाचाच ताण नाही. मग निपरची सपाट बाजू पार्टकडे करून उरलेली दांडी कापायची, तरी पण अगदी चिकटून नाही, अर्धा मिलिमीटर राहू दे. तो खुंट कटरने पापुद्र्यासारखा हळूहळू सोलायचा, अंगठा पात्याच्या वाटेत नाही ना बघून, आणि शेवटी पॉलिश पेपर, ४०० पासून १००० पर्यंत.

पांढरा डाग राहिलाच तर नखाने दोन-तीन मिनिटं जोरात घासा, उष्णतेने बराचसा जातो. गडद निळ्या आणि लाल पार्टवर डाग जास्त दिसतात, पांढऱ्यावर सरावाला सुरुवात करा. आणि एक, आधी सगळे पार्ट कापून ताटात काढून ठेवायचे असलं भाजी निवडल्यासारखं काही करू नका. पार्टचा नंबर रनरवर छापलेला असतो, पार्टवर नाही. कापला की ओळख गेली.

मॅन्युअल तर जपानीत आहे!

वाचायचं नसतंच, बघायचं असतं. प्रत्येक पार्टपाशी अक्षर आणि आकडा असतो, अक्षर म्हणजे कुठला रनर आणि आकडा म्हणजे त्यावरचा कुठला पार्ट. ×२ लिहिलं असेल तर तेच दोनदा करा. उद्गारचिन्ह दिसलं की थांबा, तिथे पार्टची दिशा महत्त्वाची असते आणि तिथेच सगळे चुकतात. काही पायऱ्यांत काळपट राखाडी, रबरासारखी मऊ बुटकुळी दिसतात, त्यांना पॉलीकॅप म्हणतात, सांध्यात बसतात, ती विसरून वरचं दाबून टाकलं की पुढचा प्रश्न वाचायला या.

उलटा पार्ट बसला, आता निघत नाही.

दातांनी नको. पार्ट सेपरेटर म्हणून एक स्वस्त प्लॅस्टिकचं टूल मिळतं, नाहीतर गिटारचं पिक, किंवा एक्स्पायर झालेलं एटीएम कार्ड फटीत घालून हळूहळू सगळ्या बाजूंनी उचकायचं, एकाच कोपऱ्यातून जोर केला तर आतली खिट्टी तुटते. मी नंतर शिकलो ती आयडिया म्हणजे शंका असेल तिथे खिट्टीचं टोक निपरने तिरकं छाटून मगच बसवायचं, मग पकड थोडी सैल राहते आणि परत उघडता येतं.

ते रेषा-रेषांचं काम कसं करतात, ज्याने एकदम खरा वाटतो?

पॅनल लायनिंग. चिलखतावर ज्या बारीक खाचा असतात त्यात रंग भरायचा. माझ्या मते सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक ह्यानेच पडतो. गंडम मार्कर मिळतात, पण पहिल्यांदा ०.५ ची शिसपेन्सिल, क्लिकवाली, घेऊन खाचेतून फिरवा आणि बाहेर आलेलं खोडरबराने पुसा, फुकटात काम. पांढऱ्या पार्टला काळी रेष नको, राखाडी द्या, नाहीतर व्यंगचित्र दिसतं. लाल-पिवळ्याला तपकिरी.

तामियाचा बाटलीतला पॅनल लाइन रंग मस्त पळतो खाचेतून, ब्रश नुसता टेकवला की रंग आपोआप धावतो, बघायलाच मजा येते. पण तो इनॅमल आहे आणि इनॅमलचा थिनर प्लॅस्टिकच्या आत झिरपून ताण असलेल्या जागी तडा पाडतो, एबीएस प्लॅस्टिकला तर नक्कीच. कुठला पार्ट एबीएसचा आहे ते रनरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. म्हणून जोडलेल्या सांध्यावर ओतू नका, पार्ट सुटा असताना थोडासाच लावा.

आणि पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर कधीच वापरायचं नाही, त्यात ॲसिटोन असतं, त्याने किटचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक विरघळतं. बहिणीच्या ड्रॉवरमधून घेऊन मी एका झाकूचा खांदा बोटाला चिकटवून घेतलाय.

टॉपकोट मारायचाच का?

टॉपकोट म्हणजे सगळ्यात वरून मारायचा पारदर्शक थर. मारायचाच असं नाही, पण मॅट टॉपकोटने प्लॅस्टिकची खेळण्यासारखी चकाकी जाते, आणि पेन्सिलच्या रेषा पण पक्क्या होतात. स्प्रे कॅन असतो, वीस-तीस सेंटिमीटरवरून, पातळ थर, हात हलता ठेवून. डोळ्यांच्या आणि तलवारीच्या पारदर्शक पार्टला मारू नका, धुरकट होतात, आधी काढून ठेवा.

पण पावसाळ्यात नको. हे जपानी व्हिडिओत पण सांगतात, त्यांच्याकडे जूनमध्ये असाच चिकचिकीत पाऊस असतो, पण मला वाटलं एवढं काय होतंय, आणि जुलैत डोंबिवलीच्या गॅलरीत पाऊस थांबलाय बघून मारला. दहा मिनिटांत निळी छाती दह्यासारखी पांढरी. होतं काय की स्प्रेमधला सॉल्व्हंट झटकन उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरात अडकते. कोरड्या दिवशी परत एक पातळ थर मारला तर कधीकधी जातं, माझं अर्धं गेलं. कोकण-मुंबईवाल्यांनी सरळ दिवाळीनंतर मारा, नाशिक-पुणेवाल्यांना जरा जास्त महिने मिळतात. घाई असेल तर पाण्यातला ॲक्रिलिक मॅट वार्निश मऊ ब्रशने लावा. स्प्रे मास्क लावून आणि घराबाहेरच.

स्टिकर की डिकल?

एचजीमध्ये फॉइल स्टिकर येतात, चिमट्याने लावा, झालं. वॉटर डिकल म्हणजे पातळ चित्र, पाण्यात भिजवून कागदावरून पार्टवर सरकवायचं, दिसायला रंगवल्यासारखं, पण त्याला शांत डोकं लागतं, आणि पंखा बंद. पंखा बंद हे महत्त्वाचं.

भारतात महाग का मिळतं? कुठून घेऊ?

जपानी बॉक्सवरचा येनचा दर बघून खूश होऊ नका. खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, वर जीएसटी, वर शिपिंग, आणि मोठा बॉक्स म्हणजे वजनापेक्षा आकाराचे पैसे. इथल्याच हॉबी शॉपमधून घेतलेलं बरेचदा सोपं पडतं, पार्सल कस्टममध्ये अडकलं म्हणून रोज ट्रॅकिंग बघायचा ताप नाही. कोणी नातेवाईक जपान किंवा सिंगापूरला असेल तर सांगून ठेवा, पण दोन एचजी सांगा, पीजी सांगू नका, त्या माणसाला पण बॅगेत लोणची-पापड न्यायचे-आणायचे असतात. रंगाचे स्प्रे विमानात चालत नाहीत, ते इथेच शोधा.

फारच स्वस्त दिसलं तर ते नकली असतं. नकली किट चोरीचं डिझाइन तर आहेच, वर पार्ट बसत नाहीत, प्लॅस्टिकला वास येतो, आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. ह्या शेवटच्या गोष्टीचा मला जास्त राग आहे. बॉक्सवर बंदाईचं नाव आणि लोगो नीट बघून घ्या.

मुलासाठी घेऊ का? वय किती हवं?

एचजीच्या बॉक्सवर ८ वर्षांपुढे असतं, एमजी-आरजीवर १५. आठ वर्षांच्या पोराला ईजी द्या आणि शेजारी बसा, कटर तुमच्या हातात. घरात रांगतं बाळ असेल तर सगळं उंचावर. आणि बाबांनो, मुलाच्या नावाने घेऊन रात्री स्वतः पूर्ण करू नका, पोरं सकाळी मोजतात.

एका किटला किती वेळ लागतो?

एचजी चार-पाच तास, एमजी दोन-तीन वीकेंड. मी रोज रात्री जेवणानंतर एक हात किंवा एक पाय करतो, घाईने एका बैठकीत केलं की पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

सांधे ढिले झाले, उभाच राहत नाही.

गोल सांध्याच्या गोळ्यावर टॉपकोट किंवा फेविक्विकचा अगदी पातळ थर द्या आणि पूर्ण, पूर्ण म्हणजे रात्रभर, वाळू द्या, मगच बसवा. ओला बसवला तर वर सलामवाली गोष्ट सांगितलीय.

ठेवायचं कुठे?

उन्हात नको, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. काचेचं कपाट असेल तर उत्तम, नाहीतर मेकअपचा मऊ ब्रश घेऊन आठवड्याला धूळ झटका. कामवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा की ह्या फळीला फडकं नको, सांगितलं नाही तर चूक आपली.

रिकाम्या रनरचं काय करायचं?

जपानमध्ये बंदाई नामकोने २०२१ पासून ते परत गोळा करून वापरायला सुरुवात केलीय, आपल्याकडे भंगारवाला घेतो, घेताना तोंड वाकडं करतो. मी थोडे ठेवतो, नवीन रंग आधी त्यावर मारून बघायला, आणि त्याच रंगाच्या रनरचे तुकडे मॉडेल सिमेंटच्या, म्हणजे प्लॅस्टिक चिकटवायच्या गोंदाच्या, बाटलीत विरघळवले की फटी भरायला लगदा तयार होतो, रंग जुळवायची कटकटच नाही. कुंडीतल्या टोमॅटोला आधार म्हणून पण लावलेत, आई फक्त ह्या एका उपयोगाला मान देते.

एक बारीक पार्ट उडाला, सापडत नाहीये.

हलू नका. खरंच, आहे तिथेच बसा, खुर्ची सरकवू नका. मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा, वरून मारला तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात छोट्या पार्टची पण लांब सावली पडते. आधी स्वतःची मांडी, शर्टाची घडी, मग बाहीचं दुमडलेलं टोक. मग टेबलाखाली. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला जुना पायमोजा बांधून फिरवा. आणि घरात आधीच ओरडून सांगा की केर काढू नका.

माझ्या एरियलच्या कपाळावरचं टोकदार शिंग कापताना उडालं, दोन तास शोधलं, नाद सोडला. चौथ्या दिवशी बाबा संध्याकाळी फिरून आले आणि दारात एका पायावर उभे राहून म्हणाले, "हे तुझं आहे का बघ, टोचतंय मघापासून." चपलेच्या रबरात रुतलं होतं. एक टोक जरा घासलंय, पण बसवलंय तेच.